कागदावरची बाग

रोहिदासला चीड लवकर यायची, पण ती कधी उगाच नसायची. राजगुरुनगरजवळच्या खेड्यातला हा माणूस वीस वर्षं चाकणच्या कंपन्यांत पाइप जोडून आता तिथल्याच एका चकाचक 'हरित' रुग्णालयात प्लंबर होता. घरी तीन दिवसांआड टँकर. त्यामुळे रुग्णालय पाणी वाचवणार म्हटल्यावर सगळ्यात आधी तोच खूश झाला होता.

वाचवलं काय, तर वॉर्डातल्या नळांची धार बारीक केली. मीटरचा आकडा उतरला आणि मॅनेजर ज्ञानेशसाहेब हवेत चालू लागले. इकडे वर्षाली सिस्टर हाताला साबण लावून दोऱ्याएवढ्या धारेखाली ताटकळत उभी.

"भाऊ, साबणच निघत नाही. असल्या हातांनी पेशंटला सुई टोचू का?"

रोहिदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मागच्या खोलीत डायलिसिससाठी पाणी शुद्ध करणारं यंत्र होतं, आणि ते उरलेलं पाणी दिवसभर गटारात ओकत होतं. फरशीला, संडासाला ते चांगलं चाललं असतं. एक टाकी आणि थोडा पाइप, एवढंच त्यानं मागितलं होतं. तीनदा अर्ज दिला, तीनदा "बघू" ऐकलं. हात धुणाऱ्यांचं पाणी तोडायचं आणि गटाराला मोकळं सोडायचं, असली अक्कल यांना कोणत्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे.

'हरित' प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी ज्ञानेशसाहेबांनी त्याच्यापुढे एक कागद सरकवला. यंत्रातून उरलेलं सगळं पाणी बागेला दिलं जातं, असं त्यात लिहिलं होतं. खाली प्लंबरची सही हवी होती.

"बाग कुठं हाय आपल्याकडं, साहेब?"

"गेटसमोर काय आहे मग?"

गेटसमोर प्लास्टिकचं गवत होतं, सिमेंटवर चिकटवलेलं.

"खोटी सही म्या करणार न्हाई."

"मग उद्याचा दिवस शेवटचा समजा. सही करणारे छप्पन्न मिळतील."

सकाळी रोहिदास घरून लांबलचक रबरी पाइप घेऊन आला. गटारात जाणारं तोंड सोडवून त्यानं हा पाइप जोडला आणि दुसरं टोक गेटसमोर नेऊन टाकलं. दहा वाजता तपासणीच्या साधना मॅडम गाडीतून उतरल्या तेव्हा ते हिरवं गवत कडेनं सुटून पाण्यावर तरंगत होतं. धावत आलेल्या ज्ञानेशसाहेबांचे बूट भिजले.

"आधी ते पाणी बंद कर."

"बंद कसं करू? आत आठ पेशंट मशिनवर हायत." मग तो मॅडमकडे वळला. "हे रोज गटारात जातंय, बाई. तुमच्या फायलीत बागेला लिवलंय, म्हणून आज बागेला सोडलं. आन् वर सिस्टर लोकांना हात धुवायला धार न्हाई." नोकरीचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही.

मॅडमनी फाइल मिटली. "मला वर घेऊन चला," त्या रोहिदासला म्हणाल्या.

ज्ञानेशसाहेब लगबगीनं पुढे झाले.

"तुम्ही नको," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही थांबा इथंच, बागेत."