खंडेनवमीचा नारळ

झेंडूची माळ काथ्यानं बांधायची नसते, हे गुणाजीला बोटं गेल्यावर कळलं. फुलांचा दोरा दोनदा तुटला, तेव्हा त्यानं गावाहून आणलेला काथ्या काढला आणि माळ यंत्राच्या तोंडावर अशी आवळली, की यंत्रालाही वाटावं, आपलं लग्नच लागतंय.

दादरच्या एका क्लबात गुणाजी माळी होता. वर बसून गवत कापायचं यंत्र अख्ख्या परळ-दादरात तेवढं एकच, असं तो सांगे. गिरणीत उभ्यानं जन्म काढलेल्या चुलत्याला ऐकवे, "आमचं काम बसून!"

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना राबवत नाहीत, माळही उतरवत नाहीत. गुणाजी नारळ शोधत होता, तेवढ्यात सेक्रेटरी कोठारे आले.

"गुणाजी, उद्या मॅच आहे. यंत्र काढ."

"साहेब, आज पूजा..."

"देवाचं मी बघतो. नारळ उद्या माझ्यातर्फे. चांगला मोठा आणतो."

"आणि पात्यांचा दांडा?"

"विलायतेहून यायचाय. किती वेळा सांगू?"

इंजिन चालू ठेवून पाती थांबवायचा तो दांडा पावसाळ्यापासून मोडला होता. गुणाजी निघाला. माळ तशीच, साहेबाचं ऐकलं, तसं देवाचंही थोडं ऐकायला नको? अर्ध्या मैदानात काथ्या सैल होऊन पात्यांत गेला आणि पाती अडकली. इंजिन बंद केलं तर पुन्हा लवकर लागत नसे, आणि साहेब व्हरांड्यातून बघत होते. ब्रेक लावून गुणाजी उतरला, काथ्या धरून ओढू लागला. दोरा असता तर केव्हाच तुटला असता. काथ्या एकदम सुटला, पाती गर्रकन फिरली आणि उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं झेंडूत पडली.

"काथ्यान बांधूक तुमका कोणी सांगल्यान?" इस्पितळात बायको शेवंती ओरडली, आणि मग पदर तोंडाशी धरून रडत बसली.

'मी कामाला लावलं' एवढं कोठाऱ्यांनी म्हटलं असतं, तर भरपाई मिळणार होती.

"सुट्टीच्या दिवशी तुला कोण कामाला लावील?" कोठारे म्हणाले. "माळ तू बांधलीस, हात तू घातलास. आणि आत्ता संयुक्त महाराष्ट्राची लढाई चाललीय. अशा वेळी मराठी माणसानं मराठी माणसाला कोर्टात खेचायचं? आपलं राज्य येऊ दे, मग बघू."

गुणाजीला ते पटलं. तो एकही मोर्चा चुकवीत नसे. घोषणेला हात वर करी. वर जाई अंगठा आणि करंगळी.

"गुणाजी, मूठ आवळ की रे!" चिंचपोकळीच्या चाळीतला बाबुराव खिदळला. "दारूबंदीत बाटली मागतोस काय?"

सगळे हसले. गुणाजीही हसला, आणि पुढच्या घोषणेपासून डावा हात वर करू लागला.

राज्य आलं. क्लबावर दिव्यांच्या माळा चढल्या. नवं यंत्र आलं, त्यावर नवा माणूस बसला. गुणाजी कमी पगारावर फाटकाशी, स्टुलावर. काम बसूनच.

कोठाऱ्यांनी त्याच्या डाव्या हातावर पेढा ठेवला. "झालं ना आपल्या मनासारखं?"

"साहेब, आपलं राज्य आलं की बघणार होतात..."

"काय रे?"

भरपाई हा शब्द ओठांपर्यंत आला. मागे पाहुण्यांची मोटार हॉर्न वाजवत होती.

"नारळ," गुणाजी म्हणाला. "खंडेनवमीचा. मोठा आणणार होतात."

"हात्तिच्या! आणू की," म्हणत कोठारे मोटारीकडे धावले.

त्यानंतरही खंडेनवम्या आल्या आणि गेल्या. नारळ काही आला नाही.