खोळीतली हवा

खोळकाकूंच्या घरात उघडं असं काही सापडायचं नाही. मिक्सरला खोळ, रेडिओला खोळ, टीव्हीच्या रिमोटला खोळ. शिवणयंत्राची खोळ मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक फडकं. “एखादी मलाही शीव,” असं काका म्हणायचे, आणि काकू माप घेतल्यासारखं त्यांच्याकडे बघायच्या.

धुळीशी त्यांचं हाडवैर होतं, आणि ते उगीच नव्हतं. गल्लीच्या टोकाला वाळू-सिमेंटची वखार होती. ट्रक गेला की खिडकीच्या गजांवर पिठासारखा थर बसे. त्यात नातीला दमा. पोरगी सात वर्षांची, जिभेची तिखट, पण जिना चढताना मधल्या वळणावर तिला थांबावंच लागे. काकूंनी तिथल्या पायरीवर फुलाफुलांची उशी शिवून ठेवली होती. “मी दमले नाहीये, उशीला भेटतेय,” असं ती धापा टाकत सांगायची.

म्हणून पालिकेच्या आरोग्य खात्याने गल्लोगल्ली धूळ मोजायची यंत्रं लावायला घेतली, तेव्हा काकूंनी भांडून आपलीच खिडकी दिली. लावणारा म्हणाला, “काकू, यंत्र नाजूक आहे. जपा हं.”

“हे मला सांगतोस?” काकू म्हणाल्या.

महिनाभराने निकाल लागला. सगळ्या गावात यांच्या गल्लीची हवा सर्वांत स्वच्छ! काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण दुसऱ्याच दिवशी काका तोंड पाडून आले. “इथली हवा एवढी चांगली, तर वखारीचे सगळेच ट्रक इकडून सोडू, असं चाललंय पालिकेचं. शनिवारी बैठक आहे.”

चांगुलपणाचं हे असं बक्षीस! काकूंना रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी दवाखान्यातल्या सिस्टर जिना चढून आल्या. “काकू, दम लागलेली सगळ्यात जास्त पोरं तुमच्या गल्लीतून येतात आणि हवा म्हणे तुमचीच स्वच्छ. कुठेतरी पाणी मुरतंय. ते यंत्र दाखवा बघू.”

काकूंनी मोठ्या अभिमानाने खिडकी उघडली. यंत्र दिसलंच नाही. दिसली ती जाड अस्तराची निळी खोळ, लाल काठाची, नाडीची पक्की गाठ मारलेली.

“हे काय?”

“धूळ बसू नये म्हणून.”

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “अहो काकू, धूळ खाणं हेच तर त्याचं काम! तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत!”

काकू मात्र हसल्या नाहीत. “म्हणजे ते ट्रक माझ्यामुळे येणार?” त्यांनी नाडी सोडली. खालून ट्रक गेला आणि यंत्रावरचा आकडा भराभर चढला.

शनिवारी भर बैठकीत काकू खोळ हातात धरून उभ्या राहिल्या. “साहेब, तुम्ही आमची हवा नाही मोजलीत, माझं शिवणकाम मोजलंत. चूक माझी. हसायचं तेवढं हसा, पण पुन्हा मोजा.” सभागृह खो-खो हसलं, काका सगळ्यात मोठ्याने. मग सिस्टरनी कोणत्या गल्लीतली किती पोरं दम्याने येतात ते सांगितलं, आणि हसू ओसरलं. पालिकेचा साहेब भला माणूस. त्याने निर्णय थांबवला.

नव्या मोजणीत गल्ली शेवटून पहिली आली. काकूंनी त्याचीही साखर वाटली! ट्रक गावाबाहेरच्या रस्त्याने वळले आणि वखारवाल्याला वाळूच्या ढिगांवर ताडपत्री घालायचा हुकूम निघाला. ती कोपऱ्यांत नीट बसली आहे का, हे बघायला काकू स्वतः गेल्या. “खोळ इथे हवी होती, मेल्या,” असं त्याला सुनावून आल्या.

पुढे एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मधल्या वळणावर त्यांची नजर उशीवर गेली. तिच्यावर धूळ साचली होती. कितीतरी दिवसांत तिथे कुणी टेकलंच नव्हतं. काकूंनी सवयीने झटकायला हात उचलला, आणि तो तसाच राहिला.

“आजी, दमलीस?” वरून नात ओरडली. एका दमात वर पोचली होती कार्टी. “बस ना उशीवर!”

काकू धूळ न झटकता तिच्यावर बसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “दमले नाही गं. उशीला भेटतेय.”