दहाच्या दहा शून्य

एमेतेरिया कूमेस सोलोलाच्या डोंगरातल्या एका गावात एकोणीस वर्षं बाळांची लांबी मोजत होती. बाळ फळीवर झोपवायचं, मदतनिसाने डोकं धरायचं, हिने गुडघे सरळ करून तळव्यांना पट्टी टेकवायची नि आकडा वाचायचा. कुठलं बाळ वाढीत मागे पडलंय, ते त्यावरून ठरे. आया तिला मानाने 'नान' म्हणत आणि सांगत, "नान एमेतेरियाचा हात म्हणजे हात!"

दरवर्षी राजधानीहून डॉक्टर बारिओसबाई मोजणाऱ्या बायकांची परीक्षा घ्यायला येत. दहा बाळं, प्रत्येकाला दोनदा मोजायचं. पहिल्या फेरीचे कागद आधीच काढून घेत. दोन आकडे जितके जवळ, तितका हात भरवशाचा.

अलीकडे एमेतेरियाला पट्टीवरच्या रेघा पुसट दिसत. त्यात यंदा दुसऱ्या फेरीला बाळं रडून लाल झालेली. तिने पट्टी नुसती टेकवली आणि मघाचेच आकडे आठवून लिहून टाकले.

"एमेतेरिया, फरक दहाच्या दहा शून्य! अहो, यंत्रालासुद्धा जमत नाही हे," निकाल वाचताना बारिओसबाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मग त्या मोजणीला नव्यानेच लागलेल्या ओदिलियाकडे वळल्या. "तुझा फरक सहा मिलीमीटर. यंदा फळीला हात लावायचा नाही."

"मी दोन्ही वेळा नीट वाचलं होतं, बाई. पोरगं वळवळत होतं."

"नानला विचार, तिच्या हातात कसं गप पडतं ते!" मागून कुणीतरी टोमणा मारला.

ओदिलिया खरंच जवळ आली. "नान, शिकवाल मला?"

एमेतेरियाचे कान तापले. पोरीच्या डोळ्यांत थट्टा असती तर परवडलं असतं.

"बाई," ती कशीबशी म्हणाली, "दुसऱ्या फेरीत मी मोजलंच नाही. आठवून लिहिलं."

बाईंनी तिला सगळ्यांदेखत पुन्हा मोजायला लावलं. फरक निघाला अकरा मिलीमीटर.

"आणि गेल्या वर्षी?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

एमेतेरियाने मान वर केली नाही. "गेल्या वर्षीही. चार बाळांचे."

वर्षभरात तिने मोजलेली सगळी बाळं पुन्हा मोजायची ठरली. बोलावणं करायला ती स्वतःच दारोदार गेली. प्रत्येक उंबऱ्याशी तेच वाक्य, "माझं चुकलंय, बाळाला परत आणा." तिच्या कागदांवर ठणठणीत असलेली नऊ बाळं मागे पडलेली निघाली. त्यांतल्या एकाची आई, फाउस्तिना, ओरडली असती तर बरं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही चांगलं आहे म्हणालात, म्हणून मी निर्धास्त होते, नान."

पुढच्या वर्षीच्या परीक्षेत ओदिलिया पास झाली; पट्टी आता तिच्याकडे असते. एमेतेरिया फळीच्या दुसऱ्या टोकाला बसून बाळांचं डोकं धरते. आकडा ऐकू आला की आयांकडे बघायचं टाळते.