डेन्झिलच्या समाचाराला आलेली मंडळी

मुतखडा काढून डेन्झिल रॅटलिफ घरी आला आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या खोऱ्यात आपण किती लाडके आहोत, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. जन्मभर त्याने शाळेची बस चालवली, पण बायको गेल्यापासून कुणी दार वाजवलं नव्हतं. आता समाचाराला रीघ लागली. कुणी राजमा शिजवून आणला, कुणी मक्याचा पाव. चर्चमध्ये पियानो वाजवणारी ग्लेना तर रोज येऊ लागली.

त्याला मात्र धड बसवत नव्हतं. डॉक्टरांनी आत एक नळी ठेवली होती. ती निघेपर्यंत लघवीला गेलं की कमरेतून अशी कळ यायची की डोळ्यांपुढे काजवे चमकत. भरपूर पाणी प्या, शेक द्या, साध्या गोळीने भागलं नाही तरच कडक गोळी घ्या, असं सांगितलं होतं. कडक म्हणजे त्याच अफूच्या जातीच्या, ज्यांच्या व्यसनाने या डोंगरातली निम्मी घरं खाल्ली.

आलेला प्रत्येक जण जरा वेळ हळहळायचा आणि मग बाथरूम कुठे आहे ते विचारायचा. डेन्झिल भोळा, पण इतकाही नाही. मुतखडा एकट्याला झाला आणि लघवी साऱ्या गावाला लागली, हे त्याला खटकलं. बाथरूमच्या कपाटातली कडक गोळ्यांची बाटली पाहिली, तर तळ दिसत होता. उरलेल्या गोळ्या त्याने शर्टाच्या खिशात ठेवल्या. झालं, गावाची माया आटली. ग्लेनालाही एकाएकी पियानोचा सराव आठवला.

येत राहिला तो फक्त त्याचा मुलगा कोडी, आणि नेमका तोच घरात पाय टाकत नव्हता. अंगणात गाडी लावायचा, सामानाची पिशवी पायरीवर ठेवायचा, तिथूनच विचारपूस करून निघायचा. परके लोक पार आतपर्यंत फिरून गेले आणि पोटचा पोरगा उंबरा ओलांडत नाही, हे डेन्झिलच्या जिव्हारी लागलं. शेवटी त्याने विचारलंच.

"बापाच्या दुखण्याची किळस येते का रे तुला?"

कोडी गाडीला टेकून उभा होता. "त्या गोळ्या घरात आहेत ना, बाबा?"

"आहेत. खिशात."

"मग मी इथेच बरा. दोन वर्षं झाली सोडून, पण अजून माझा माझ्यावर भरवसा नाही."

डेन्झिल कंबर धरून आत गेला आणि सकाळच्या कॉफीचा ओला चोथा डब्यात घेऊन आला. मुलादेखत त्याने सगळ्या गोळ्या त्यात चुरडल्या, कालवल्या आणि डबा कचऱ्यात रिकामा केला. नळी निघायला अजून अवकाश होता, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कोडी आत आला. त्याने शेकायची पिशवी गरम करून बापाच्या कमरेला लावली आणि समोर बसला. थोड्याच वेळात कळ आली. डेन्झिलने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"फार दुखतंय का, बाबा?"

"जीव जातोय," डेन्झिल म्हणाला. "तू बस."