कमी गंधकाची पाटी

आधी आप्पांचं सांगतो. गेवराईच्या स्टँडजवळ त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, हात कायम ग्रीसनं काळे. माझं लायसन त्यांच्यामुळं वाचलं. हे पहिल्यांदा सांगितलं नाही तर पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं आणि तेच राहून जातं.

मी भंडाऱ्याकडचा, झाडीपट्टीतला. सातवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत गेवराई–चकलांबा–उमापूर जीप चालवायला लागलो. ड्रायव्हर पळून जाऊ नये म्हणून त्याचं लायसन मालकानं स्वतःकडं ठेवायचं, अशी तिथली रीत. मला गाडीशिवाय काही येत नव्हतं. ते लायसनचं पुस्तक गेलं तर करायचं काय, हाच घोर दिवसभर.

त्या सुमाराला गावाबाहेरच्या एका पंपावर नवी पाटी लागली. ‘येथे कमी गंधकाचे शुद्ध डिझेल मिळेल.’ मालक म्हणाला, इथंच भरायचं. आम्हा ड्रायव्हरांना गंधक माहीत होतं ते खरजेच्या मलमातलं, नाहीतर फटाक्यातलं. त्यामुळं गाड्या चढाला दम टाकायला लागल्या तेव्हा सगळ्यांचा संशय पाटीवरच गेला.

“गंधक काढलं म्हंजी जोरच काढला की!”

“मग करायचं काय?”

“दर टाकीला पाव लिटर इंजिन ऑइल सोड. आमी समदेच सोडतो.”

मीही सोडायला लागलो, मालकाला न सांगता. सीटखाली ऑइलचा डबा ठेवला. लई शहाणे आम्ही!

महिना झाला नसेल, गाडी चकलांब्याच्या अलीकडं पॅसेंजरांसकट बंद पडली. मिस्त्रीनं इंजिनाचा डिझेल पंप उघडला. आतून पार घासून गेलता. “रॉकेलवर चाललीय ही,” तो म्हणाला. मालकानं गाडी उचकली आणि त्याला तो डबा सापडला.

“डिझेल विकून रॉकेल भरलंस, आन् आवाज येऊ नये म्हणून वरनं तेल घातलंस. कुणाला येडं बनवतो बे?”

“मालक, तुम्ही सांगितल्या पंपावरच भरलंय. तेल घातलं ते…”

“पंपवाला चोर, आन् तू झाडीतला सज्जन व्हय? लायसन इसर आता.”

चोर खरंच असंच करतात, हे मला तेव्हा कळलं. माझ्या मूर्खपणानं मीच त्याच्या हातात पुरावा दिलता. अजून अंगाची आग होते.

मिस्त्रीनं सामानाची चिठ्ठी देऊन मला आप्पांकडं धाडलं. चिठ्ठी देताना मला रडू आवरेना. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “रेशनचं रॉकेल निळं असतंय, कळलं असतं. हे खुल्या बाजारातलं पांढरं असंल. गंधक किती, ते मोजायचं यंत्र आख्ख्या जिल्ह्यात नसंल, म्हणून तर पाटीवर काय बी लिहितात. पण डिझेल जड का हलकं, ते बघायची काचेची नळी पंपावर ठेवावीच लागती. गिऱ्हाईक मागू शकतंय. चल. मालकाला बी घे.”

हे इतक्या वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पाटी मात्र हातभर अक्षरात.

पंपावरचा मॅनेजर हसला. “आप्पा, नळी फुटलीय. पुढच्या आठवड्यात या.”

आप्पांनी त्याचीच खुर्ची ओढली. “आठवडाच हाय ना? बसतो की. पाणी तेवढं पाज.”

मागं जीपा थांबल्या, ड्रायव्हर उतरून गोळा झाले. अर्ध्या तासात फुटलेली नळी कपाटातून धडधाकट निघाली. डिझेल जारात घेतलं, नळी सोडली. ती नको तेवढी खाली गेली, म्हणजे डिझेल हलकं. आकडा पंपाच्या वहीत सकाळी लिहिलेल्या आकड्याच्या जवळपासही नव्हता.

“आरं, गंधक न्हाई, डिझेलच कमी केलंय ह्यांनी!” एकजण ओरडला.

मालकानं खिशातून माझं लायसन काढून बॉनेटवर टाकलं. “घे. तेलाचं आधी सांगायचं न्हाई व्हय?” बस्स. मला चोर म्हणाला, त्याचं काय? त्याबद्दल एक शब्द नाही.

पंप दोन दिवस बंद राहिला. तिसऱ्या दिवशी चालू, पाटी तशीच. पंपवाला पुढाऱ्यांच्या घरातला. त्याच्या पाव्हण्यारावळ्यांचे टेम्पो, ट्रॅक्टर आप्पांच्या दुकानाकडं यायचे बंद झाले. ज्या ड्रायव्हरांनी त्या दिवशी आरडाओरडा केला, तेही मालकांना भिऊन पलीकडच्या दुकानात जायला लागले. माझ्या मालकानं मलाही तिकडंच पाठवलं, आणि मी गेलो.

“तुम्ही कावून पडलात मधी, आप्पा? काय गरज होती?” एकदा चोरून जाऊन विचारलं.

“गप बसलो असतो तर माझा पार्ट खपला असता, पण तुझ्यावर चोरी बसली असती. असला धंदा करू व्हय मी?”

महिन्याभरात मी गेवराई सोडली. आता दुसऱ्याचा ट्रक घेऊन परराज्यात फिरतो. पण आप्पा, स्वतःची गाडी घेईन तेव्हा ती बाजाराच्या दिवशी तुमच्या दारात उभी करीन आणि तिचं सगळं सामान तुमच्याकडूनच घेईन, त्या पाठ फिरवणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. त्या वेळी मीही पाठ फिरवली, ते देणं असं फेडीन. शब्द दिला.