आम्ही तुडवलेला रस्ता

दारासमोर रोलर फिरतोय. ओल्या मुरमाचा वास आला आणि खोडाळ्याजवळचा आमचा रस्ता आठवला. दुष्काळात तो आम्हीच बायकांनी माती टाकून पायांनी तुडवला होता. वरून बैलगाडी गेली, म्हणून पक्का समजलो.

आषाढात माझी नणंद सखू बाळंतपणात अडली. माणसं तिला डोलीतून मोखाड्याच्या दवाखान्यात न्यायला निघाली होती. मीच म्हटलं, "रस्ता झालाय ना, जीपमध्ये घाला."

जीपची चाकं त्याच रस्त्यात रुतली. जितकी फिरली तितकी खोल गेली.

"वहिनी, मला खाली काढ. डोलीच बरी होती."

"थांब जरा, निघेल आता."

जीप निघाली तेव्हा सखू थंड पडली होती.

पावसाळा सरल्यावर चाकांच्या त्या चाऱ्या दगडासारख्या वाळल्या. पाण्याला जाताना मी रोज त्यांतूनच चालायचे.