मेहुण्यानं दोन वर्षं गिळलेलं वाक्य

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतका आडवळणाचा माणूस कुंभकोणमात दुसरा नाही, हे मी कुठल्याही देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवून सांगेन, आणि इथं देवळं काही कमी नाहीत. गेल्या शुक्रवारी आम्ही दोघं नेहमीसारखी कॉफी प्यायलो. तो नेहमीसारखा बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला, मध्ये पेपर पसरून. त्यानंतर मात्र काहीच नेहमीसारखं राहिलं नाही.

या माणसानं जन्मात एक गोष्ट सरळ सांगितली असेल तर शपथ. पाहुणे उठेनात की हा पंख्याकडे बघून म्हणतो, "बिचारा सकाळपासून फिरतोय." त्याच्या मुलीला इन्नंबूर गावचं स्थळ आलं, ते याला नको होतं. तर त्या लोकांपुढं तासभर तिथल्या भाताचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाला, "पण आमच्या पोरीला चिखल सोसत नाही." ते लोक बिचारे खूश होऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात मुहूर्त विचारायला आले! त्याची अक्का, म्हणजे माझी बायको, गेल्यावर तर त्यानं कहर केला. दिवाळीला मिठाईच्या डब्यावर दात घासायचा ब्रश. पोंगलला पुन्हा ब्रश. खिशात कायम वेलची, "घ्या भावजी, यंदा फार वासाची आलीय," हे दर महिन्याला. तिरुवलंचुळीच्या देवळात मला नेलं तर विनायकासमोर हात जोडून मोठ्यानं म्हणतो, "देवा, तुझा एकच दात, पण तू किती जपलास! ज्यांना पुष्कळ आहेत त्यांनाही बुद्धी दे." मी पाचवी शिकलेला, फटकळ माणूस. मला वाटलं, याचं डोकं हललं. चारचौघांत त्याला तसं म्हणालोही, आणि लोक हसले.

तर शुक्रवारी कॉफी झाल्यावर म्हणाला, दाढ दुखतेय, सोबत या. दातांच्या दवाखान्यात त्याचा नंबर आला तेव्हा हा पाय मागं घेतो, "आधी भावजींचं बघा, वडील माणूस." मी खुर्चीत कसा बसलो ते मलाच कळलं नाही. डॉक्टरीण पोरसवदा, पण बोलायला स्वच्छ. मला आजोबा करत म्हणाली, "ताता, हिरड्या दातांपासून सुटल्यात, आत पू आहे. बधिर करून हिरड्यांच्या खालून साफ करावं लागेल, दोन खेपांत. नाहीतर दात हलतील आणि पडतील." हिरड्यांतून रक्त येतं हे मला काय ठाऊक नव्हतं? पान खाल्लं की लाल ते लालच, कुणाला कळतंय! मी म्हणालो, "दात माझे आहेत, पडू देत," आणि उठलो.

खाली रस्त्यावर मेहुण्यावर ओरडलो, "लबाडा! तुझी दाढ कुठं आहे? दाखव!"

तो भिंतीला टेकून उभा राहिला, आणि सरळ बोलला. "भावजी, तुमच्या तोंडाला वास येतो. फार येतो. अक्कानं आजारपणात मला सांगितलं होतं, 'मी गेल्यावर त्यांना तू सांग, नाहीतर म्हाताऱ्याजवळ कुणी बसणार नाही.' दोन वर्षं झाली. मला जमलं नाही."

"तिला तोंड नव्हतं? तिनं का नाही सांगितलं?"

"एकदा सांगितलं होतं म्हणे. तुम्ही ताट भिरकावलंत."

भिरकावलं होतं. रसम भिंतीवर उडालं होतं आणि ते तिनंच पुसलं होतं. तिच्या शेवटच्या दिवसांत मी कानाशी वाकून बोलायचो तेव्हा ती मान वळवायची. मला वाटायचं, दुखत असेल. मेहुणा डोळे पुसत घराकडे गेला. त्याला हाक मारायची मला लाज वाटली.

त्या दिवशी तोंड मिटूनच बाजारात गेलो. भाजीवालीलासुद्धा बोटानंच दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन जिन्यावर बसलो. डॉक्टरीण आली. "काय ताता, ठरलं?" मी मान डोलावली. खुर्चीत आडवा झालो. ती माझ्यावर वाकली. इतक्या जवळ कुणी येऊन किती दिवस झाले होते, कोण जाणे. मी हातानं तोंड झाकलं आणि म्हणालो, "अम्मा, वास येईल."

"हात काढा, ताता."

काढला.